येझदी रोडकिंग: जुनी घेऊन पुन्हा उभी करावी अशी गाडी

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत बनवलेली येझदी रोडकिंग आज जी मिळते, ती किमान तीन दशके जुनी, अनेक मालकांच्या आणि त्याहून अधिक मेकॅनिकांच्या हातांखालून गेलेली असते. त्यामुळे तिचे परीक्षण करताना वेग, मायलेज आणि आसनाचा आराम एवढ्याच मुद्द्यांवर थांबता येत नाही. ही गाडी विकत घेऊन, पूर्ण खोलून, पुन्हा बांधून रोजच्या वापरात आणण्याच्या दृष्टीने कितपत योग्य आहे, हा खरा प्रश्न आहे. कोल्हापुरात अशी एक रोडकिंग घेऊन मी ती उद्यमनगरातील कारागिरांकडून उभी करून घेतली आणि तेव्हापासून ती नियमित चालवत आहे, त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. श्रम आणि पैसा यांचे इतके चोख उत्तर देणारी दुसरी जुनी भारतीय मोटारसायकल मला माहीत नाही, मात्र तो पैसा रंग आणि क्रोमच्या आधी इंजिनाच्या पोटात गेला पाहिजे, आणि बहुतेक लोक नेमका याच्या उलट क्रम धरतात.

गाडीची रचना समजून घेतली की हा क्रम का महत्त्वाचा आहे ते लक्षात येते. रोडकिंगला एकच सिलिंडर आहे, तो टू-स्ट्रोक आहे, ६५ मिमी बोअर (आतला व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) असे त्याचे माप असून क्षमता २५० सीसीच्या किंचित आत भरते. एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट आणि दोन सायलेन्सर आहेत. शक्ती १६ बीएचपी आणि गिअर चार. मूळच्या झेक कंपनी जावाकडून आलेली एक खास सोय तिच्यात आहे, ती म्हणजे डाव्या बाजूचा एकच दांडा किक म्हणूनही चालतो आणि गिअर म्हणूनही. दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते, इंजिन चालू झाल्यावर तो खाली आणला की त्याच दांड्याने गिअर पडतात. शिवाय गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटतो, म्हणून हाताचा क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. या सगळ्या यंत्रणेत फारसे गुंतागुंतीचे काही नाही. साधी हत्यारे, थोडा अभ्यास आणि चांगला लेथ एवढ्यावर ती दुरुस्त होऊ शकते, आणि जुनी गाडी उभी करणाऱ्याच्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

खरेदीच्या वेळी मात्र यंत्राच्याही आधी कागद पाहावेत. इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक स्वतः कापडाने पुसून, उजेडात वाचून नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत, कारण इतक्या वर्षांत अनेक गाड्यांचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, बदलले गेलेले असतात आणि ती नोंद आरटीओत झालेली नसते. ज्या गाड्यांचे क्रमांक एमएच मालिका सुरू होण्याआधीचे, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरांचे आहेत, त्यांची माहिती संगणकावर चढलेली आहे की नाही हे आधी पाहावे, नसेल तर बॅकलॉगची नोंद करून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही काम हलत नाही. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र, पंधरा वर्षांची मुदत संपलेली असल्याने फॉर्म २५ वर पुनर्नोंदणी आणि त्यासोबत पर्यावरण कर, अशी ही साखळी आहे. मूळ मालक हयात नसेल आणि वारसांनी नाव लावून घेतलेले नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी असा माझा सल्ला आहे. वारसांची संमती मिळवताना जो वेळ जातो, तेवढ्यात दुसरी गाडी उभी होऊन रस्त्यावर येते.

आता इंजिनाकडे येऊ. विकणारा माणूस हमखास किक मारून गाडी चालू करून दाखवतो आणि दोन्ही सायलेन्सरांतून येणारा तो ओळखीचा आवाज ऐकून घेणाऱ्याचे भान हरपते. त्या क्षणी आवाजापेक्षा धुराकडे पाहावे. टू-स्ट्रोक गाडीने सुरुवातीला थोडा निळसर धूर टाकणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिन चांगले तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअर ऑइलची पातळी वारंवार कमी होत असेल, तर क्रँकचे डाव्या बाजूचे ऑइल सील गेले आहे असे समजावे. त्या बाजूला प्रायमरी चेन आणि क्लचचे तेल असते. सील कडक होऊन फाटले की क्रँककेसमधील निर्वात दाब ते तेल आत ओढतो आणि इंजिन ते जाळू लागते. उजव्या बाजूचे सील गेले तर खूण वेगळी दिसते. तेथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, आयडलिंग स्थिर राहत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही आणि लांबच्या प्रवासात पिस्टन सीझ होण्याची, म्हणजे तापून सिलिंडरात अडकण्याची, भीती राहते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंपाचेच काम करतो, तेव्हा तो हवाबंद नसेल तर कार्बोरेटर कितीही वेळा जुळवून घेतला तरी उपयोग होत नाही. सीलची किंमत फार नसते, पण ती बदलण्यासाठी इंजिन खोलावे लागते आणि त्या कामाची मजुरी मात्र मोठी पडते, आणि म्हणूनच अनेक गॅरेजांत हे काम टाळून केवळ कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र) बदलून गिऱ्हाइकाला वाटेला लावले जाते. किक मारताना किंवा कमी वेगात गाडी ओढताना खालून ठकठक येत असेल, तर बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाचे, बेअरिंगही संपलेले असते.

माझ्या गाडीत सील आणि बिग एंडचे बेअरिंग ही दोन्ही गेलेली होती, त्यामुळे इंजिन पूर्ण खोलणे भाग होते. येथे उद्यमनगराबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या परीक्षणातील निम्मे श्रेय त्या परिसराचे आहे. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ओतकामासाठी आणि लेथकामासाठी नावाजलेले आहे. शेतीच्या पंपांपासून ऑइल इंजिनांपर्यंत सर्व प्रकारचे क्रँक आणि सिलिंडर तेथे पिढ्यान्पिढ्या हाताळले गेले आहेत. येझदीचा क्रँक हा दाबून बसवलेल्या भागांचा असतो. कनेक्टिंग रॉडचे किट बदलायचे तर तो प्रेसखाली वेगळा करावा लागतो, नवी पिन, रोलर आणि रॉड घालून पुन्हा दाबावा लागतो आणि मग दोन टोकांवर धरून डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) त्याचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढावा लागतो. येथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो. दोन-तीन शतांशांच्या आत फरक आला तर काम चांगले झाले असे म्हणतात, त्याहून जास्त राहिला तर नवी बेअरिंग आणि नवी सीलही लवकर खराब होतात आणि हँडलमध्ये थरथर येते. ज्या कारागिराने माझा क्रँक जुळवला, त्याने तांब्याच्या हातोडीने एक हलका ठोका द्यायचा, पुन्हा गेज पाहायचे, पुन्हा अर्धा ठोका द्यायचा, असे संपूर्ण लक्ष लावून काम केले. गेज नसलेल्या ठिकाणी, केवळ नजरेने आणि पट्टी लावून क्रँक सरळ केल्याचे जे सांगितले जाते, त्यावर कोणीही विश्वास ठेवू नये.

क्रँककेस उघडण्याची पद्धत पाहूनही गॅरेजची पारख होते. दोन भागांच्या सांध्यात पेचकस घालून ठोकले की ॲल्युमिनियमला कायमची खाच पडते आणि त्यातून पुढे आयुष्यभर हवा व तेल गळते. योग्य पद्धत म्हणजे केसला एकसारखी उष्णता देऊन बेअरिंग सैल करणे आणि पुलरने भाग वेगळे करणे. गाडी घेण्यापूर्वी बॅटरी टॉर्च घेऊन इंजिनाखाली वाकून हा सांधा पाहावा. तेथे छिन्नीचे वार आणि सिलिकॉनचे जाड थर दिसले, तर पूर्वीचे काम कसे झाले असेल याची कल्पना येते.

सिलिंडर बोअर करताना पाव मिलिमीटरच्या पायरीने मोठे पिस्टन घातले जातात. पिस्टन आधी हातात घेऊन, त्याचे प्रत्यक्ष माप मोजून, मग त्याला साजेसा बोअर करावा, हा क्रम उलटा होता कामा नये. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे, असतात, आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडा धारदार होतात. त्या कडा हाताने किंचित गोलसर घासल्या नाहीत, तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटण्याचा धोका असतो. हे काम थोड्याच वेळाचे आहे, पण ते झाले का हे गिऱ्हाइकाने विचारलेच पाहिजे. पिस्टनमधील रिंगच्या खाचेत जी बारीक पिन असते, तिच्या दोन्ही बाजूंना रिंगची टोके नीट बसली आहेत याची खात्री सिलिंडर चढवण्याआधी करावी. अशा रीतीने बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये न कण्हवता आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण थोडे जास्त ठेवून चालवावे.

सुट्या भागांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. कारखाना बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी येझदीचे भाग मिळतात, हेच मुळात नवल आहे. पुण्याची नाना पेठ, बंगळुरूचा जे. सी. रोड आणि दिल्लीचा करोल बाग या बाजारांत आणि देशभरातील येझदीप्रेमींच्या आपसांतील देवाणघेवाणीत जवळजवळ प्रत्येक भाग सापडतो. परंतु दर्जात फार मोठा फरक असतो. नव्याने बनवलेली गॅस्केट, केबल, रबर, हँडलच्या मुठी आणि ब्रेक शू निःशंकपणे घ्यावेत. गिअरची दातेरी चाके, गिअर फोर्क, क्लचची बास्केट आणि किकची शाफ्ट मात्र शक्यतो जुनीच, पण मूळ म्हैसूरच्या कारखान्याची, कमी झिजलेली शोधावीत, कारण नक्कल केलेल्या भागांचे पोलाद आणि त्यावरची उष्णता-प्रक्रिया अनेकदा कच्ची असते. ऑइल सील आणि बेअरिंग ही प्रमाणित मापांची असल्याने नामांकित कंपन्यांचीच घ्यावीत, येझदीच्या नावाने पिशवीत मिळणारी घेऊ नयेत. क्लासिक लेजेंड्स कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले, त्यामुळे नव्या येझदीचे भाग जुनीला बसतील असे काही जणांना वाटते. तसे होत नाही. नवी गाडी ३३४ सीसीची, फोर-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणारी आहे. नाव सोडले तर दोन्ही यंत्रांत काहीही समान नाही.

विजेची यंत्रणा हा जुन्या येझदीचा दुबळा भाग आहे, आणि बदल करायचाच असेल तर मी तो येथे करावा असे म्हणेन. सहा व्होल्टच्या गाड्यांचा हेडलाइट आजच्या महामार्गावर अपुरा आहे. समोरून येणाऱ्या वाहनांच्या झगमगाटात आपला उजेड दिसतच नाही, आणि हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मी गाडी बारा व्होल्टवर नेली, संपूर्ण वायरिंग नवे करून घेतले, प्रत्येक सर्किटला फ्यूज दिला आणि अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ धातूवर घेतली. अर्धवट तुटलेल्या जुन्या वायरिंगला जागोजागी टेप लावून केलेली दुरुस्ती पावसाळ्यात हमखास दगा देते. पॉइंटची (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या संपर्कांची) प्रज्वलन पद्धत ठेवावी की इलेक्ट्रॉनिक करावी, याबाबत दोन मते आहेत. पॉइंटमधील अंतर ०.४ मिमी ठेवले, कंडेन्सर चांगल्या प्रतीचा घातला आणि टायमिंग डायल गेजने लावले, तर पॉइंट अगदी विश्वासाने काम करतात. टायमिंग प्रमाणाबाहेर पुढे गेले तर मात्र किक उलटी मारते, पायाला इजा होऊ शकते, आणि टू-स्ट्रोक असल्याने इंजिन उलट्या दिशेनेही चालू होऊ शकते. ज्यांना वर्षातून दोन-तीन वेळा पॉइंट साफ करण्याची सवड नाही, त्यांनी इलेक्ट्रॉनिक संच बसवावा आणि मूळचे सर्व भाग जपून ठेवावेत.

रंग आणि क्रोम यांवर मी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी सर्वत्र भरपूर बोलले जाते. टाकी आतून गंजलेली असेल तर बाहेरून रंगवण्याआधी ती साफ करून घ्यावी. तांबे, निकेल आणि मग क्रोम असे तिन्ही थर देणारा प्लेटिंगवालाच निवडावा, थेट क्रोम चढवलेले रिम एका पावसाळ्यातच डागाळतात. फ्रेमला पावडर कोटिंग करायचे ठरवले तर चासी क्रमांक झाकला जाणार नाही याची आधी सूचना द्यावी, नाही तर आरटीओत तपासणीच्या वेळी अडचण येते. रंग बदलला तर त्याची नोंद पुस्तकात करून घेणे आवश्यक असते.

आता गाडीचे रूप बदलण्याविषयी. रोडकिंगची मागची फ्रेम कापून कॅफे रेसर किंवा बॉबर अशा आखूड, सुटसुटीत धाटणीच्या गाड्या बनवण्याची पद्धत अलीकडे फार वाढली आहे. कोणाच्या आवडीबद्दल मला आक्षेप घ्यायचा नाही, पण या कापाकापीला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण कायद्याचे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूलभूत तपशिलांत फरक पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे तत्त्व अधिक ठामपणे मांडले आहे. दुसरे कारण मला त्याहूनही महत्त्वाचे वाटते. ही जुनी टू-स्ट्रोक येझदी पुन्हा बनणार नाही. फ्रेम कापली की ती गाडी मूळ रूपात परत आणता येत नाही, आणि शिल्लक राहिलेल्या मोजक्या गाड्यांतून आणखी एक कमी होते. सायलेन्सरची जाळी काढून आवाज वाढवण्याचा प्रकारही असाच चुकीचा आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची दृश्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांत दिसली आहेत, पण दंडाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाच्या श्वासाचा भाग असतो. त्यातील मागचा दाब बिघडवला की खालच्या वेगातील ओढ निघून जाते, आणि तीच तर या गाडीची खरी संपत्ती आहे. त्याऐवजी सायलेन्सर खोलून आतला काजळीचा थर साफ करावा. वर्षानुवर्षे साचलेला कार्बन निघाला की गाडी वेगळीच वाटते.

माझ्या मते करण्यासारखे बदल असे आहेत, जे नट-बोल्ट सोडून परत काढता येतील: चांगला हेडलाइट, उत्तम पकड देणारे टायर, स्टेनलेस स्टीलचे स्पोक, रुंद आरसे, आणि लांबच्या प्रवासासाठी मागे सामानाचा साधा कॅरिअर. स्टिअरिंगचा कोनसेट, मागचे शॉकॲब्सॉर्बर आणि पुढच्या फोर्कची सील व तेल हे सर्व बदलल्यावर गाडीचे रस्त्यावरील वर्तन पार पालटते, आणि त्यासाठी रूपात काहीही फरक करावा लागत नाही.

अशी उभी केलेली रोडकिंग चालवण्याचा अनुभव मी मनापासून सांगू शकतो. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या दिशेने जाताना तिसऱ्या गिअरमध्ये ती चढ न कुरकुरता घेते. ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर मिळणारी ओढ आजच्या अनेक अधिक शक्तीच्या गाड्यांतही जाणवत नाही. साठ ते सत्तरच्या वेगात ती सर्वांत सुखावह असते. मायलेज पंचवीस ते तीसच्या दरम्यान मिळते, ते कमी आहे हे मान्य करावेच लागेल. ब्रेक हा तिचा उणा पक्ष आहे. दोन्ही ड्रम चांगले टर्न करून आणि शू नीट बसवून घेतले तरी आजच्या डिस्कची सवय असलेल्या चालकाने पुढच्या वाहनापासून अंतर दुप्पट ठेवले पाहिजे. आपोआप सुटणाऱ्या क्लचच्या यंत्रणेचे समायोजन थोडेही चुकले तर क्लच घसरतो किंवा न्यूट्रल सापडत नाही, तेव्हा ते समायोजन स्वतः शिकून घ्यावे. डाव्या कव्हरमधून खळखळ ऐकू येऊ लागली तर प्रायमरी चेन लांबली आहे असे समजून ती वेळीच बदलावी, कारण तिला ताण देणारी वेगळी यंत्रणा या इंजिनात नाही.

एक विषय पूर्वीच्या येझदीमालकांपुढे नव्हता आणि आज आहे, तो म्हणजे इथेनॉल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषते आणि गाडी काही आठवडे उभी राहिली तर पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टाकीचा गंज, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधील पांढरा चिकट थर आणि जुन्या रबरी नळ्यांना पडलेल्या चिरा यांचे मूळ बहुधा येथेच असते. मी पेट्रोलची नळी आणि टाकीखालच्या कॉकमधील (पेट्रोलच्या तोटीतील) वॉशर इथेनॉलला टिकणारे बसवले आहेत. गाडी ठेवायची असेल तर घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ देतो, आणि पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवतो. टू-टी तेल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल, लिटरला तीस ते चाळीस मिली या प्रमाणात मोजपात्राने मोजून, आधी थोड्या पेट्रोलमध्ये वेगळ्या बाटलीत ढवळूनच टाकीत ओतावे. पंपावर थेट टाकीत तेल ओतून गाडी हलवल्याने ते नीट मिसळत नाही, आणि नव्या बोअरच्या पिस्टनला पहिल्या काही किलोमीटरमध्येच त्याची किंमत मोजावी लागू शकते.